पुराच्या गाठोड्यात कोयता बांधावा काय?

यंदा मृग निघण्याच्या आधी आमच्या गावच्या चावडीवर एक कागद लागला. आमचे गाव कृष्णाकाठचे. नदीला आई म्हणणारे आणि त्या आईचा कोपही डोळ्यांनी पाहिलेले. कागदाला मथळा होता, 'पूर आल्यास घर सोडताना बरोबर घ्यावयाच्या वस्तू', आणि खाली ओळीने बारा वस्तू लिहिलेल्या. पिण्याचे पाणी, सुका खाऊ, रोजची औषधे, विजेरी व तिचे जादा सेल, शिट्टी, दोरी, काडेपेटी, कपड्यांचा एक जोड, पांघरूण, मोबाईल व त्याचा चार्जर, थोडी रोकड, आणि आधारकार्ड, शिधापत्रिका, सातबारा, बँकेचे पुस्तक ही कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून. यादी चांगली होती. आम्ही ती वाचून पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी पाहतो तो बाराव्या वस्तूखाली कोणीतरी पेनाने लिहिलेले: '१३) कोयता.' त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणी तो कोयता खोडून शेजारी लिहिले होते: 'विठ्ठलाचे नाव.' आणि तिसऱ्या दिवशी तिसऱ्याच हाताने खाली एकच शब्द घातलेला: 'दोन्ही.'

गावाला हसायला विषय मिळाला. सायंकाळी हरिपाठ आटोपल्यावर देवळाच्या ओट्यावर तोच निघाला. एक तरुण म्हणाला, "आण्णा, नाव घेतल्यानं चोर पळत असता तर सरकारनं पोलीस कशाला ठिवलं असतं?" त्यावर एक म्हातारबुवा म्हणाले, "आरं, पर कोयता दाखिवल्यानं पाणी तरी वसरतंय का?" पुन्हा हशा झाला. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर आम्हाला झोप येईना; त्याचे कारण पुढे सांगू.

वाचकहो, प्रश्न दिसायला लहान आहे. पिशवीत एक वस्तू घालावी की न घालावी, एवढाच. पण नीट पाहिले तर त्यात धर्माचा मोठा प्रश्न दडलेला आहे. संकटात घर सोडून निघणारा माणूस वाटेत भेटणाऱ्या दुसऱ्या माणसाला काय समजून निघतो, हा तो प्रश्न. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करू.

आपल्याकडे विचाराची रीत अशी की, आधी पूर्वपक्ष मांडावा, आणि तोही कसर न ठेवता. तेव्हा कोयता मागणाऱ्याचे म्हणणे त्याच्याच बाजूने ऐकू.

तो म्हणतो, २०१९ चा महापूर आठवा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. सांगली-कोल्हापुराकडची चार लाखांहून अधिक माणसे घरे सोडून हलवावी लागली. पोलीस, सैन्य, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची माणसे, सगळी बोटींवर आणि बंधाऱ्यांवर. अशा वेळी तुमच्या कुलुपाकडे कोण पाहणार? जनावरांच्या मायेने आणि चोरांच्या भयाने कितीतरी माणसे शेवटपर्यंत घर सोडायला तयार होत नव्हती. गाठोड्यात एखादे हत्यार असेल तर माणूस धीराने बाहेर तरी पडेल.

तो आणखी म्हणतो, स्वसंरक्षण हा काही अधर्म नव्हे. देशाचा कायदाही ते मानतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क पूर्वीच्या कायद्याप्रमाणेच कायम आहे. संतांनीही शिपायाला हिणवले नाही. तुकोबारायांच्या गाथेत पाइकाचे अभंग आहेत. आणि खंडेनवमीला आपण शस्त्रे पुजतोच की! मग जी वस्तू देव्हाऱ्याजवळ चालते, ती गाठोड्यात का चालू नये?

आणि या पूर्वपक्षातले सर्वांत जड बोलणे त्या ओट्यावर एका बाईंनी केले. त्या विधवा आहेत, पदरी दोन मुली आहेत. खांबाआड बसून त्या सगळे ऐकत होत्या. हसणे थांबल्यावर त्या म्हणाल्या, "आण्णा, तुमचं सगळं खरं. पर त्या रात्री शाळंच्या वर्गात, दिवा न्हाई, चार गावची माणसं एकाठायी, तवा माझ्या पोरींच्या उशाला कोण बसणार हाय? त्याचं नाव मला सांगा. मग मी विळासुद्धा घरी ठिवून येते."

यावर ओट्यावर कोणी बोलले नाही. आम्हीही नाही. हा पूर्वपक्ष ज्याला हलका वाटतो त्याने उत्तरपक्ष करण्याच्या भरीस पडू नये.

आता अनुभवाकडे वळू. मोठ्या आपत्तीत माणसांनी हत्यारे हाती घेतली तेव्हा प्रत्यक्षात काय घडले? आम्ही दोनच दाखले घेतो. एक जपानचा, एक अमेरिकेचा. दोन्ही देश आपल्याहून संपन्न, आणि दोन्ही आपत्त्या सर्वांना ठाऊक असलेल्या.

१ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराच्या सुमारास टोकियो आणि योकोहामा या भागात भयंकर भूकंप झाला. घराघरांत चुली पेटलेल्या होत्या. त्यातून आगी लागल्या आणि एक लाखाहून अधिक माणसे गेली. संध्याकाळपर्यंत अफवा उठली की, तेथे मजुरीला आलेले कोरियन लोक विहिरींत विष कालवीत आहेत, आगी लावीत आहेत. गावोगाव 'जिकेइदान' म्हणजे स्वसंरक्षक मंडळे उभी राहिली. कोणी घरातली जुनी तलवार काढली, कोणी बांबूचा भाला केला, कोणी आग विझवण्याचा लोखंडी आकडा घेतला. नाक्यानाक्यावर माणसे अडवून ठरावीक शब्द उच्चारायला लावीत. उच्चार वेगळा आला की तो शत्रू. या मंडळांच्या, आणि काही ठिकाणी शिपायांच्या, हातून हजारो कोरियन मारले गेले. विहिरीत विष कोणी घातलेच नव्हते.

त्यातली एक गोष्ट तर ऐकवत नाही. ६ सप्टेंबरला फुकुदा नावाच्या खेड्याजवळ पंधरा माणसांची एक टोळी अडवली गेली. ही माणसे कोरियन नव्हती, जपानीच होती. दूरच्या कागावा प्रांतातून औषधे विकीत फिरणारे फेरीवाले, बरोबर बायकापोरे. त्यांची बोली त्या गावाला निराळी वाटली, एवढाच अपराध. पंधरांपैकी नऊ जण मारले गेले, त्यांत लहान मुले आणि एक गर्भवती बाई. औषधे घेऊन आलेल्या माणसांना, औषधांची सर्वांत जास्त गरज असताना, स्वसंरक्षणासाठी मारले!

हे वाचून जपानी माणसाला नावे ठेवू नयेत. आमच्या काठावर ऊसतोडीला मराठवाड्याची माणसे येतात, कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशची येतात. पाणी चढत असताना, अंधारात, त्यांची बोली कानांवर आली तर आपल्या मनात पहिला शब्द कोणता उमटेल, हे ज्याने त्याने छातीवर हात ठेवून सांगावे.

त्याच दिवसांत योकोहामाच्या त्सुरुमी भागात ओकावा त्सुनेकिची नावाचे एक पोलीस अधिकारी होते. त्यांनी सुमारे तीनशे कोरियन आणि चिनी माणसे आपल्या आश्रयाला ठेवली. बाहेर मोठा जमाव जमला. जमावाने विषाच्या विहिरीचे म्हणून बाटलीत पाणी आणले होते. ओकावांनी ते सर्वांदेखत पिऊन टाकले. ती माणसे वाचली. धैर्य या शब्दाचा अर्थ ज्याला पाहिजे असेल त्याने ती बाटली डोळ्यांपुढे आणावी.

दुसरा दाखला न्यू ऑर्लीन्स शहराचा. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळ आले, बांध फुटले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. वीस हजारांहून अधिक माणसे सुपरडोम नावाच्या मोठ्या क्रीडागृहात अडकली. तेथे खून पडत आहेत, प्रेतांचे ढीग लागले आहेत, अशा बातम्या साऱ्या जगात गेल्या. पुढे मोजणी झाली तेव्हा त्या इमारतीत सहा मृतदेह निघाले, आणि त्यांतला एकही खुनाचा नव्हता. शहरात गुन्हे झालेच नाहीत असे आम्ही म्हणत नाही, झाले. पण बातमीतला राक्षस आणि प्रत्यक्षातला माणूस यांत केवढे अंतर होते! त्या बातमीवर विसंबून काय झाले ते पाहा. बोटींवर आणि विमानांवर गोळ्या झाडतात असे ऐकून काही ठिकाणी सुटकेचे काम थांबविले गेले. ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी सहा निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या, दोघे गेले. २०१६ साली त्या पोलिसांनी न्यायालयात अपराध कबूल केला. अल्जियर्स पॉइंट नावाच्या वस्तीत पाणी शिरलेच नव्हते. तेथल्या काही रहिवाशांनी रस्ते अडवून बंदुका रोखल्या आणि सुटकेच्या नावेकडे चाललेल्या काळ्या माणसांवर झाडल्या. त्यांतल्या एकाला २०१९ साली दहा वर्षांची शिक्षा झाली.

ध्यानात घ्या, अमेरिकेत घरोघर बंदुका आहेत. तेथे संकटाच्या पिशवीत पिस्तूल घालणारेही पुष्कळ आहेत. तरीही तेथील सरकारने नागरिकांसाठी जी यादी केली आहे, तिच्यात पाणी आहे, रेडिओ आहे, विजेरी आहे, मदतीला हाक मारण्यासाठी शिट्टी आहे, हत्यार नाही.

आता आम्हाला झोप का आली नाही, ते सांगतो. आम्ही हे शहाणपण पुस्तकांतून शिकलो असे वाचकांनी समजू नये.

२०१९ च्या त्या ऑगस्टात एका संध्याकाळी आमच्या अंगणात पाणी आले. पुतण्याने ट्रॅक्टर आणला आणि म्हणाला, "तात्या, पंधरा मिनिटं. जे घ्यायचं ते घ्या." आमच्या सौभाग्यवती पीठ-मीठ बांधू लागल्या. आणि आम्ही, चाळीस वर्षे टाळ वाजवलेले, काय करीत होतो? ओसरीवर बसून ऊस तोडायच्या कोयत्याला कानशीने धार लावीत होतो. कारण दुपारीच कोणी सांगितले होते की, पाण्याचा फायदा घेऊन चोर सुटले आहेत. त्या गडबडीत आमच्या रक्तदाबाच्या गोळ्या फडताळात राहिल्या, चष्मा कोनाड्यात राहिला. कोयता मात्र पोत्यात सगळ्यांत वर आला.

उंचावरच्या गावातील शाळेत आमची सोय झाली. एका वर्गात आठ-नऊ घरे. सर्वांनी सामान खताच्या रिकाम्या पोत्यांत भरलेले, त्यामुळे ट्रॉलीतून उतरवताना कोणाचे पोते कोणते हे कळायला मार्ग नव्हता. रात्री वीज गेली. शेजारच्या वर्गातून चोरी झाल्याची आवई उठली. आम्ही उशाशी कोयता घेऊन पडलो.

रात्री दोनच्या सुमारास जाग आली. आमच्या पोत्यांवर एक माणूस वाकलेला, दोन्ही हातांनी चाचपीत होता. चष्मा नसल्यामुळे आम्हाला दिसला तो केवळ काळा आकार. आम्ही ओरडलो, "कोण हाय?" उत्तर नाही. पुन्हा ओरडलो. तो चाचपीतच राहिला. आम्ही कोयता उचलला आणि उठून उभे राहिलो. एवढ्यात पुतण्याने विजेरी पेटवली.

सत्तरीचे एक गृहस्थ होते. कानाने अधू. त्यांच्या बायकोला साखरेचा आजार. तिच्या इंजेक्शनचा डबा पोत्यात होता आणि पोते सापडत नव्हते. विजेरीच्या उजेडात त्यांनी आधी कोयता पाहिला, मग आम्हाला. हात जोडून म्हणाले, "मारू नका माउली, माझंच पोतं हुडकतोय." आणि ते खरे होते. त्यांचे पोते आमच्या पोत्यांच्या खालीच निघाले.

वाचकहो, त्या रात्री आमच्या हातून अनर्थ झाला नाही. पण तो आमच्या विवेकामुळे टळला असे आम्ही कोठेही सांगितलेले नाही, आजही सांगत नाही. तो पुतण्याच्या विजेरीमुळे टळला. यादीतली चौथी वस्तू नसती तर तेराव्या वस्तूने आमचा इहलोक आणि परलोक दोन्ही बुडवले असते. त्या गृहस्थांचे 'माउली' हे संबोधन आजही कधी कधी भजनाच्या मध्ये कानांत येते आणि टाळ चुकतो.

पण गोष्ट येथे संपत नाही. सकाळी बोटवाले आले. म्हणाले, खालच्या वस्तीवर गोठ्यात जनावरे बांधलेली राहिली आहेत, पाणी त्यांच्या पोटाला लागले आहे, दावी भिजून गाठी सुटत नाहीत; काही धारेचे आहे का? आम्ही तोच कोयता दिला. दुपारी तो परत आला तेव्हा कळले, त्याने सहा जनावरांची दावी कापली होती. रात्री जो कोयता पापाच्या उंबऱ्यावर उभा होता, तोच सकाळी पुण्य करून आला. लोखंड एकच, धारही एकच, आणि ती आम्हीच लावलेली.

आमचा सिद्धांत या दोन प्रसंगांच्या मध्ये आहे.

मराठीत 'हत्यार' हा शब्द मोठा विचार करायला लावणारा आहे. शिपायाचे ते हत्यार आणि सुताराचेही ते हत्यारच. खंडेनवमीला आपण तलवार पुजतो तशीच करवत, पहार, नांगराचा फाळ पुजतो. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी लोखंडात भेद केला नाही. मग भेद कोठे आहे? संकल्पात आहे. पूजेच्या आधी आपण हातात पाणी घेऊन संकल्प सोडतो: अमुक कर्म अमुक हेतूने करतो. गाठोडे बांधतानाही मनात एक संकल्प सुटत असतो, आपल्याला न कळत. दोरी घातली, तर कोणाला तरी ओढून काढीन हा संकल्प. पेला घातला, तर कोणाला तरी पाणी देईन हा संकल्प. दावे कापायला कोयता घातला तर तोही संकल्प चांगलाच. पण माणसासाठी म्हणून कोयता घातला, तर ज्या माणसाला आपण अजून पाहिलेलेही नाही, त्याच्याविषयीचा निवाडा आपण घरी बसून, भिऊन, आधीच देऊन ठेवला. मग वाटेत जो पहिला अनोळखी भेटेल तो त्या निवाड्याला बळी पडतो. तो चोर असतोच असे नाही. बहुधा नसतोच. पुराच्या रात्री आपल्याकडे अंधारातून येणारा माणूस हा बोटवाला असतो, शेजारी असतो, औषध हुडकणारा म्हातारा असतो.

कोणी म्हणेल, हत्यार बाळगले म्हणजे वापरलेच असे कोठे आहे? बरोबर. पण भय आणि हत्यार यांची गाठ पडली की विचाराला जागा उरत नाही. रिकामा हात असलेला भित्रा माणूस ओरडतो, पळतो, चार जणांना हाक मारतो. त्याची चूक झाली तर सकाळी सगळे हसतात. हाती कोयता असलेल्या भित्र्या माणसाची चूक सकाळी दुरुस्त करता येत नाही. फरक एवढाच आहे, पण तो जन्माचा आहे.

आणि गाठोड्याची जागा मोजकी असते हेही विसरू नये. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गर्दीने भरलेली बोट उलटून माणसे बुडाली, ते दुःख आमच्या भागात अजून ताजे आहे. बोटीत शेरा-शेराचा हिशेब असतो. वारीला निघताना आपण गाठोडे कसे बांधतो? पाठीला पेलेल तेवढे. पुरातही तसेच. पण जागेपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे लक्ष. आमच्या कोयत्याने पोत्यात जागा थोडीच घेतली. आमचे लक्ष मात्र सगळे घेतले, आणि गोळ्या घरी राहिल्या.

तेव्हा आमचे मत असे. धारेची वस्तू गाठोड्यात असावी, पण अवजार म्हणून. लहान सुरी किंवा विळी फडक्यात गुंडाळून, दोरीबरोबर, तळाशी. चार घरांत मिळून एक मोठा कोयता पुरे. मुक्कामावर पोहोचताच तो तेथल्या प्रमुखाच्या ताब्यात द्यावा, उशाशी घेऊन निजू नये. तलवार, भाला, जंबिया, गुप्ती ही मात्र माणसासाठीच घडवलेली. त्यांना गाठोड्यात जागा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही शेतीची व घरगुती वापराची हत्यारे वेगळी काढली आहेत, हे जाणत्यांनी पाहावे. कायद्यालाही हेतूच पाहावा लागला.

राहिला कुलूप लावलेल्या घरांचा प्रश्न. दागिने आणि कागद अंगाबरोबर न्यावेत. बाकीच्या भांड्याकुंड्यांसाठी कोणाच्या मानेवर कोयता चालवावा असे भांडे अजून कोणत्या कासाराने घडवलेले नाही.

आता त्या बाईंचा प्रश्न. तो आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण वरचे सगळे बोलणे पुरुषाला सोपे आहे. त्या बाईंना 'कोयता नेऊ नका' असे सांगण्याचा अधिकार आम्हाला कधी येतो? त्यांच्या मुलींच्या उशाशी जागणाऱ्याचे नाव आम्ही देऊ तेव्हाच. त्याआधी नाही. त्यांच्या गाठोड्यातला कोयता काढायचा असेल तर गावाने आपल्या डोळ्यांतली झोप काढली पाहिजे. जे गाव एकट्या बाईला राखण देत नाही आणि वर तिला अहिंसा शिकवते, त्या गावाची अहिंसा ही नुसती आळशीपणाची झूल आहे. आणि समजा, राखण असूनही कोणी नराधम आलाच, आणि आईने हाताला लागेल ते उचलून मुलीला सोडवले, तर त्या आईला पाप लागेल असे म्हणणारा शास्त्री आम्हाला भेटलेला नाही. भेटला तर आम्ही त्याला नमस्कारही करणार नाही. भ्याडपणाला क्षमेचे नाव देण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही.

पण अशी वेळ येऊ नये याची तजवीज कोयत्याने होत नाही. ती कशाने होते? मुक्कामाच्या ठिकाणी बायकामुलांची खोली वेगळी आणि दाराशी रात्रभर दिवा. प्रत्येक मुलीच्या गळ्यात शिट्टी. शिट्टीला अंधारात दिसावे लागत नाही, आणि ती चुकून वाजली तर कोणी मरत नाही. पोत्यांवर मोठ्या अक्षरांत नावे. शौचाला जाताना दोघी-तिघींनी मिळून जावे. पोलिसांचा ११२ हा क्रमांक भिंतीवर लिहिलेला. आवई कानांवर आली तर ती पुढे सांगण्याआधी एकाने विजेरी घेऊन जाऊन पाहून यावे. आणि पाळीने जागणारी माणसे. एवढे केले म्हणजे वाईट रात्र येणारच नाही, अशी हमी आम्ही देऊ शकत नाही. पण ती हमी कोयताही देत नाही. तो नुसता तसे वाटायला लावतो.

ज्याने 'विठ्ठलाचे नाव' लिहिले त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण नाव हे गाठोड्यात बांधायची वस्तू नव्हे. ते बांधणाऱ्याच्या हातात असावे लागते. ते हातात असेल तर गाठोडे आपोआप ठीक बांधले जाते. माउलींनी पसायदान मागितले तेव्हा दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातला दुष्टपणा जावा, एवढेच मागितले. तो अंधारातला माणूस दुष्ट असला तरी आपले मागणे हेच, आणि दुष्ट नसला तर मग विचारायलाच नको.

चार दिवसांनी आम्ही चावडीवर गेलो. कागद अजून होता. 'दोन्ही' या शब्दाखाली आम्ही लिहिले: 'कोयता, चार घरांत एक, दाव्यासाठी. मुक्कामावर रात्री जागायला रोज दोन माणसे. नावे खाली द्यावीत.' आणि पहिले नाव आमचे घातले. संध्याकाळपर्यंत खाली सात नावे आली होती. त्यांतल्या दुसऱ्या नावाचे अक्षर आम्ही ओळखले. तेरावी वस्तू त्याच अक्षरात लिहिलेली होती.

आम्ही तो कागद उतरवून घेऊन त्या बाईंच्या घरी गेलो. त्यांनी मोठ्या मुलीला तो वाचायला लावला. सातही नावे झाल्यावर त्या म्हणाल्या, "सात रात्रींचं झालं. पाणी तर धा-बारा दिवस ऱ्हातंय."

बाईंचा हिशेब बरोबर आहे. दोघे दोघे जागायचे तर सात नावांत चार रात्रीही निभत नाहीत. म्हणून हा लेख लिहिला. नदीकाठच्या ज्या ज्या गावी हे मासिक जाते, तेथल्या वाचकांनी आपल्या चावडीवरची यादी काढून पाहावी आणि तिच्याखाली नावांना जागा आहे की नाही ते पाहावे. पाऊस दारात आहे.

रामकृष्णहरि.